कंपनी एकच, मग तिकडे सही आणि इकडे नोटीस का?

वाचकाचं पत्र

मी चाकणला एका जर्मन कंपनीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात बारा वर्षं परमनंट आहे. आम्ही ४२० परमनंट, शिवाय कॉन्ट्रॅक्टवाले आणि ट्रेनी मिळून सहाशेच्या वर. गेल्या वर्षी नव्या लाइनच्या ट्रेनिंगसाठी तीन महिने जर्मनीच्या मदर प्लँटला होतो. तिथे शिफ्टची वेळ अर्ध्या तासाने पुढे-मागे करायची होती. कामगारांच्या कौन्सिलने सही केली नाही, म्हणून दीड महिना तो बदल अडला. परत आलो तर आमच्या बोर्डावर नोटीस: येत्या सोमवारपासून पहिली शिफ्ट साडेसहाऐवजी सहाला. विचारायला गेलो तर एचआरचे साहेब म्हणाले, ‘आपल्याकडे ओपन डोअर पॉलिसी आहे, युनियन कशाला?’ आम्ही सात जण युनियन काढायचं म्हणतोय. एक मित्र म्हणतो, सरळ जर्मनीच्या कौन्सिलला मेल टाक. दुसरा म्हणतो, नव्या कायद्यात युनियन होतच नाही. आई म्हणते, त्या नादाला लागू नकोस. वडील गिरणीत होते, ब्याऐंशीच्या संपात घर बसलं. माझ्यावर होम लोन आहे, मुलगी दहावीला आहे. कंपनी एकच असताना असं का, आणि मी करू काय?

– एक वाचक, भोसरी

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रात मी अडकले ती त्या अर्ध्या तासापाशी. ज्याने कधी पहिली शिफ्ट केली नाही त्याला वाटेल, साडेसहा काय आणि सहा काय. पण भोसरीच्या माणसाला सहाला चाकणच्या गेटवर पंच करायचं तर कंपनीची बस पाचच्या आत धरावी लागते, म्हणजे घरात चारला दिवा लागतो. ज्यांच्या घरी डबा करून देणारं कुणी नाही त्यांचं आणखी अवघड. मी तीस वर्षं पुण्यात कामगारांचे खटले चालवले. त्यातले निम्मे अशाच बारक्या गोष्टींतून सुरू झाले होते. पगारवाढीपर्यंत गोष्ट नंतर जाते.

तिकडे दीड महिना बदल अडला, तो कुणाच्या चांगुलपणामुळे नव्हे. जर्मनीत पाच कामगार असलेल्या ठिकाणीही कामगारांना आपलं कौन्सिल निवडता येतं. त्याचा कायदा १९५२ चा, आणि आज चालतो तो १९७२ मध्ये नव्याने केलेला. कामाची वेळ कधी सुरू होणार आणि कधी संपणार, यावर कौन्सिलची संमती लागते. जमलं नाही तर प्रकरण लवाद मंडळाकडे जातं, मालकाला परस्पर काही करता येत नाही. दर चार वर्षांनी निवडणूक होते. शिवाय १९७६ च्या कायद्यानुसार दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात, निम्म्या खुर्च्या कामगारांच्या असतात. (निम्म्या म्हटल्यावर फार हुरळून जाऊ नका. मतं सारखी पडली तर अध्यक्षाला दुसरं मत मिळतं आणि अध्यक्ष भागधारकांच्या बाजूचा असतो.) आणि हे कौन्सिल संप करू शकत नाही. संप, वेतनकरार हे युनियनचं काम. तुमच्या धंद्यात ती ‘ईगे मेटाल’. दोन्हीकडे माणसं बऱ्याचदा तीच असली तरी कायद्याने दोन्ही दुकानं वेगळी.

एक गोष्ट तुम्ही तिथे राहून पाहिली नसेल. माणसं पुरवणाऱ्या कंपनीमार्फत आलेला, म्हणजे आपल्या भाषेत कॉन्ट्रॅक्टवर आलेला माणूस तीन महिन्यांहून जास्त काळासाठी कामावर असेल, तर त्यालाही कौन्सिलच्या निवडणुकीत मत असतं. त्याच्यासाठी साधारण नऊ महिन्यांनी समान वेतन आणि अठरा महिन्यांची मुदत, असा नियम २०१७ पासून आहे. युनियनच्या करारात तो थोडा इकडेतिकडे होतो, पण नियम आहे. हे ध्यानात ठेवा, मी पुन्हा इथे येणार आहे.

आता ‘कंपनी एकच’ या तुमच्या म्हणण्याबद्दल. कंपनी काय काय बरोबर घेऊन फिरते, ते बघा. मशिन येतं, ड्रॉइंग येतं, एक नग किती वेळात निघायला हवा तो टॅक्ट टाइम सेकंदासकट येतो, ऑडिटची चेकलिस्ट येते, भिंतीवरची घोषणासुद्धा भाषांतर होऊन येते. कामगाराशी असलेलं नातं मात्र ती घरी ठेवून येते आणि इथे पोचल्यावर इथल्या बाजारातून दुसरं घेते. इथला कायदा जितकं भाग पाडेल आणि इथली माणसं जितकं मागून घेतील, तितकं. एका कारखान्यात माझं अशील कामाला होतं. मदर प्लँटचे पाहुणे येणार असले की आदल्या दिवशी कॉन्ट्रॅक्टवाल्यांचे निळे शर्ट जमा करून त्यांना परमनंटसारखे करडे शर्ट दिले जायचे. पाहुणे गेले की करडे शर्ट परत स्टोअरमध्ये. त्यातल्या एकाने मला विचारलं होतं, ‘मॅडम, धुऊन द्यायचे का तसेच?’

यात जर्मन खास वाईट आणि आपण खास दुर्दैवी असं नाही. फोक्सवॅगनचंच बघा. जर्मनीत कामगारांच्या मताला एवढं वजन असलेली कंपनी क्वचितच सापडेल. तिने अमेरिकेत टेनेसी राज्यात चॅटनूगाला कारखाना काढला. तिथेही जर्मन धर्तीचं कौन्सिल असावं, अशी चर्चा झाली. पण अमेरिकेचा १९३५ चा कायदा असा की, युनियन नसताना मालकाच्या आधाराने उभं राहिलेलं कौन्सिल म्हणजे मालकाची पाळीव युनियन ठरू शकते. पाळीव युनियनांचा तिथे एवढा सुळसुळाट झाला होता की कायद्याने तो दरवाजाच बंद केला. म्हणून आधी युनियन हवी. २०१४ मध्ये मतदान झालं, युनियन ७१२ विरुद्ध ६२६ ने हरली. राज्यातले राजकारणी उघडपणे विरोधात उतरले होते. २०१९ ला पुन्हा थोडक्यात हरली. जिंकली ती एप्रिल २०२४ मध्ये, २,६२८ विरुद्ध ९८५ अशी दणदणीत. मालक तोच, गाडीवरचा बिल्ला तोच, आणि जर्मनीतल्या कामगाराला जे नोकरीला लागल्या दिवशी मिळतं त्यासाठी तिथल्या कामगाराला दहा वर्षं लागली.

उलट्या दिशेनेही हेच होतं. टेस्ला स्वीडनमध्ये गेली. त्या देशात किमान वेतनाचा कायदाच नाही. पगार, पेन्शन, विमा हे सगळं युनियन आणि मालक यांच्या सामूहिक करारातून ठरतं. टेस्लाने करारावर सही करायला नकार दिला. २७ ऑक्टोबर २०२३ ला तिथल्या मेकॅनिकांनी संप सुरू केला. संख्येने ते शंभर-सव्वाशे. पण मग गोदी कामगारांनी टेस्लाच्या गाड्या उतरवणं थांबवलं, इलेक्ट्रिशियन दुरुस्तीला जाईनात, आणि टपाल कामगारांनी नव्या गाड्यांच्या नंबर प्लेट पोचवायचं बंद केलं. गाडी विकली, पैसे घेतले, आणि नंबर प्लेट नाही! स्वीडनमध्ये असा सहानुभूतीचा संप कायदेशीर आहे. तरीही दोन वर्षं उलटून गेली आणि टेस्लाने सही केली नव्हती. दोघांचीही ताकद यात दिसते.

आपल्याकडचं उदाहरण तमिळनाडूतल्या श्रीपेरुम्बुदूरचं. सॅमसंगच्या कारखान्यातले हजारावर कामगार ९ सप्टेंबर २०२४ पासून ३७ दिवस संपावर होते. पगाराची मागणी होती, पण खरा वाद आमची युनियन माना एवढाच. सॅमसंगने कोरियातही कित्येक दशकं युनियनला दार उघडलं नव्हतं. २०२० मध्ये तिच्या प्रमुखांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. म्हणजे ही कंपनी आपली घरची सवय बरोबर घेऊन आली होती. युनियनच्या नावात ‘सॅमसंग’ शब्द चालेल का, यावरही वाद झाला. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी २०२५ मध्ये नोंदणी झाली. तुमच्या एचआरच्या साहेबांना सांगू नका, पण तुम्ही मात्र हे वाचून ठेवा.

आता तुमचे प्रश्न.

मेल टाकायचा का? आत्ता नाही. कंपनीच्या आयडीवरून तर कधीच नाही. तिथल्या कौन्सिलचा अधिकार जर्मनीच्या हद्दीपुरता आहे, चाकणच्या मॅनेजरला ते एक ओळीचाही आदेश देऊ शकत नाहीत. दुसरं, हे बोलायला बरं वाटत नाही पण बोलते: तुमची लाइन चाकणला आली ती तिथून गेलेली असू शकते. तिथल्या वाटाघाटीत ‘भारतात हे काम कितीला होतं’ हा कागद टेबलावर असतो. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगनच्या युनियनला २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करायला मान्यता द्यावी लागली, सक्तीने कुणाला काढायचं नाही एवढी अट घालून. त्या माणसांना तुमच्याबद्दल आपुलकी असेलही, पण त्यांच्याही घरी हप्ते आहेत. एकट्या माणसाचा मेल म्हणजे गाऱ्हाणं, आणि गाऱ्हाणं फॉरवर्ड होत होत शेवटी तुमच्याच एचआरच्या इनबॉक्समध्ये येऊन पडतं.

युनियन नोंदल्यावर मात्र गोष्ट वेगळी. जर्मनीत २०२३ पासून पुरवठा साखळीचा एक कायदा आहे. २०२४ पासून तो जर्मनीत हजार कामगार असलेल्या कंपन्यांना लागू झाला. ज्यांच्यावर अशा कंपनीची पकड आहे त्या परदेशातल्या उपकंपन्या आणि थेट पुरवठादार, या दोन्हींकडे संघटना करण्याचं स्वातंत्र्य पाळलं जातं का हे बघणं त्या कंपनीची जबाबदारी आहे आणि तक्रारीची सोय ठेवणंही. तक्रार करणाऱ्याचं नाव फुटू नये, असंही त्यात आहे. कायदा सैल करण्याच्या हालचाली तिकडे चालू आहेत, पण सोय अजून आहे. मूळ कंपनीच्या वेबसाइटवर शोधा, घरच्या मोबाइलवरून. त्याच वेबसाइटवर जागतिक कामगार महासंघाशी केलेला करार आहे का, तेही बघा. फोक्सवॅगनने २००२ मध्ये आणि बॉशने २००४ मध्ये असे करार केले होते. त्यांच्यावर फार विसंबू मात्र नका. चॅटनूगाच्या वागणुकीवरून महासंघानेच २०१९ मध्ये फोक्सवॅगनबरोबरचा करार स्थगित केला होता.

सीमेपलीकडून खरी मदत पोचल्याचं एक उदाहरण मला फार आवडतं, ते मेक्सिकोचं. सिलाओ गावात जनरल मोटर्सचा कारखाना आहे, सहा हजारांवर कामगार. तिथे वर्षानुवर्षं मालकाच्या सोयीची युनियन परस्पर करार करायची. कामगाराला त्याची प्रतसुद्धा दिसायची नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सचे कामगार संपावर गेले. त्यांच्या वाटचं उत्पादन आम्ही ओव्हरटाइम करून भरून काढणार नाही, असं सिलाओतल्या काही जणांनी ठरवलं, आणि त्यातल्या काहींची नोकरी गेली. पुढे अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडाचा नवा व्यापार करार लागू झाला, त्यात कामगार हक्काचं कलम होतं. २०२१ मध्ये सिलाओत जुन्या करारावर मतदान घेतलं तेव्हा मतपत्रिका नष्ट झाल्याचं आढळलं, आणि अमेरिकी सरकारने ते कलम लावलं. ऑगस्टमध्ये फेरमतदान झालं, कामगारांनी जुना करार फेकून दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी स्वतंत्र युनियन निवडून आली आणि मे महिन्यात साडेआठ टक्के वाढीचा करार झाला. मदत बाहेरून आली हे खरं. पण ती पोचली तेव्हा आत माणसं आधीच उभी होती, काही तर नोकरी गमावून.

म्हणून आता घरचा हिशेब. सात जणांत युनियन होते, हे अर्धं खरं आहे. अर्जाला सात सह्या लागतात, पण कारखान्यातल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा सभासद म्हणून दाखवावा लागतो. तुमचे ४२० धरले तरी ४२ झाले. तेवढे जमेपर्यंत कँटीनमध्ये विषय काढू नका. आणि ‘असोसिएट’, ‘टीम मेंबर’, ‘ज्युनिअर ऑफिसर’ असलं काही तुमच्या पत्रावर लिहिलं असेल तर घाबरू नका. न्यायालय हुद्द्याचं नाव बघत नाही, हाताने काय काम करता ते बघतं.

नव्या कायद्यात युनियन होत नाही, हे तुमच्या मित्राने कुणाकडून ऐकलं देव जाणे. तो नवा कायदा म्हणजे औद्योगिक संबंध संहिता, २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. नोंदणी आणि मान्यता या दोन पायऱ्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. नोंदणी झाली म्हणजे तुम्ही अस्तित्वात आलात. मालकाशी बोलायला कोण बसणार हा पुढचा प्रश्न. नव्या संहितेत एकाहून जास्त युनियन असतील तर ५१ टक्के सभासद असलेली युनियन बोलते. तेवढे कुणाकडेच नसतील तर वीस-वीस टक्केवाल्यांचं मिळून मंडळ होतं. महाराष्ट्राचा स्वतःचा १९७१ चा कायदा आहे, त्यात तीस टक्क्यांवर मान्यता मागता येत होती. तुमच्या कारखान्यात दोन्हींचा मेळ कसा लागतो, ते अर्ज करण्याच्या दिवशी वकिलासमोर बसून पक्कं करा.

संहितेने कडक केलंय ते संपाबाबत. चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांना लागते. आणि आपल्याकडची ती जुनी युक्ती, सगळ्यांनी एकाच दिवशी कॅज्युअल टाकायची, ती विसरा. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच वेळी रजा टाकली तर तो संपच धरला जातो.

आता तुमच्या नोटिशीकडे या. ‘येत्या सोमवारपासून’ असं लिहिलंय ना? कामाच्या वेळा बदलायच्या तर मालकाने २१ दिवस आधी बदलाची नोटीस द्यायची, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. कंपनीच्या स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, शिफ्ट बदलाबद्दल काय लिहिलंय ते आधी बघा, कारण सगळी मेख तिथे असते. प्रत मागा, ती मागणं गुन्हा नाही. जर्मनीसारखी संमती आपल्या कायद्यात नाही, पण अगदी काहीच नाही असंही नाही. नोटिशीचा फोटो मात्र काढू नका. शॉप फ्लोअरवर मोबाइल बंद असेल तर चार्जशीट नोटिशीवरून नाही, मोबाइलवरून निघेल. मजकूर घरी जाऊन वहीत उतरवा, तारीख घाला, खाली दोघांच्या सह्या घ्या. युनियन काढल्यावरून त्रास देणं, बदली करणं, काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. पण न्यायालयात ती सिद्ध करायला वही लागते. धोका नाही असं मी म्हणणार नाही. अशी प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात. होम लोनचे सहा हप्ते बाजूला पडेपर्यंत पहिली सही तुमची नसली तरी चालेल, दुसरी-तिसरी असू दे.

आणि आई. त्यांना मी काय सांगणार! त्यांनी ते पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, ते कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने बोलण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या, मान्यता असलेल्या युनियनलाच दिलेला होता. कामगार एकीकडे, खुर्ची दुसरीकडे. दरम्यान कापड भिवंडीच्या पॉवरलूमवर विणलं जाऊ लागलं होतं, संपाच्या आधीपासूनच. तुमच्या वडिलांचं घर युनियनमुळे बसलं की बोलायला बसण्याची जागा नसल्यामुळे, यावर मी आणि त्या एका दुपारी भांडू शकतो. पण भीती त्यांची खरी आहे. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका, वही मात्र त्यांच्याच कपाटात ठेवा.

शेवटी मघाची राहिलेली गोष्ट. तुमच्या सात जणांत सगळे परमनंट दिसतात. सहाशे माणसांचा उल्लेख पत्रात एका ओळीत आला आणि गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या स्टील ऑथॉरिटी खटल्यातल्या निकालानंतर कंत्राट बंद झालं तरी कॉन्ट्रॅक्टवाला आपोआप परमनंट होत नाही. तुम्ही ४२० जण उद्या बाहेर बसलात तर लाइन त्यांच्यावर चालेल, हे एचआरला माहीत आहे, म्हणून तर दार उघडं ठेवायला परवडतं. त्यांना सभासद करून घेता येतं का, त्याला काय काय अडचणी येतील, ही वेगळी बैठक आहे. ट्रेनीचं तर आणखी वेगळं, कारण कायद्याने ॲप्रेंटिस कामगार धरला जात नाही. पण सहाची शिफ्ट त्यांनाही लागली आहे, आणि कंपनीची बस त्यांना मिळते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. या आठवड्यात तुमच्या शेजारच्या स्टेशनवर जो कॉन्ट्रॅक्टवाला उभा असतो त्याला चहा पाजा आणि विचारा, तो चाकणला कसा पोचतो. मग मला पुन्हा लिहा.